डाळिंबाची पानगळ सप्टेंबरात जमते, डिसेंबरात अडते: पानांचं स्वतःचं इथिलीन ऋतूप्रमाणे बदलतं का?

भगवा_सांगोला

नमस्कार मंडळी. प्रश्न भगवा डाळिंबाच्या पानगळीचा आहे, पण उत्तर जरा खोलातलं हवं आहे.

हस्त बहारासाठी सप्टेंबरअखेर ताणावरच्या (पाणी तोडलेल्या) बागेत इथ्रेल (इथिलीन वायू देऊन पानं गाळणारं औषध, ३९ टक्के) लिटरला दीड मिली मारलं की आठ-दहा दिवसांत बाग मोकळी होते. आंबे बहारासाठी डिसेंबरच्या शेवटी तीच मात्रा, तोच पंप, तीच विहीर. तरी आतली आणि खालची पानं गळतात, शेंड्याकडची हिरवीगार बसून राहतात. पंधरवडा उलटला तरी हलत नाहीत. मात्रा तीन मिलीवर नेली तर पानं जातात, पण बारीक काड्या शेंड्याकडून वाळत येतात आणि कळी मागे पडते. मेअखेर मृग बहारासाठी मारलं तर तिसराच प्रकार: पानं करपतात आणि काडीलाच चिकटून राहतात.

जमीन मध्यम. पाण्याचा सामू (पीएच) ८.२, बायकार्बोनेट जास्त. फवारणीत इथ्रेलसोबत डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) लिटरला ५ ग्रॅम. यंदा नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाल्यावर शेंड्यांना नवी फूट आली होती.

झाड स्वतःही पानांतून इथिलीन सोडतं हे वाचलं आहे. मग थंडीत झाडाचं हे उत्पादन कमी होतं म्हणून बाहेरून जास्त द्यावं लागतं, असं आहे का? आणि पानं ऋतूप्रमाणे किती इथिलीन सोडतात हे कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोजता येईल का? तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे. कसं मोजायचं, काय चुकतं, हे सविस्तर सांगावं.

---

पर्णविज्ञान

दादा, आधी एक हिशेब करू, म्हणजे "थंडीत झाड कमी देतं म्हणून आपण जास्त द्यायचं" हा तर्क कुठे तुटतो ते दिसेल.

इथ्रेलमधलं इथेफॉन सामू ४ च्या वर गेलं की तुटायला लागतं. पानाच्या पेशीत सामू त्याहून जास्त असतो, म्हणून आत शिरल्यावर त्याचं इथिलीन, क्लोराइड आणि फॉस्फेट होतं. १४४.५ ग्रॅम इथेफॉनमधून एक मोल इथिलीन निघतं, म्हणजे २५ अंशांना सुमारे साडेचोवीस लिटर वायू. दीड मिली इथ्रेलच्या द्रावणात लिटरला ०.६ ते ०.७ ग्रॅम इथेफॉन असतं. झाडाला दोन लिटर द्रावण बसलं असं धरलं तर १.३ ग्रॅम इथेफॉन, आणि त्यातून जास्तीत जास्त २२० मिलिलिटर इथिलीन.

आता झाडाची बाजू. निरोगी, पक्व पान तासाला ग्रॅममागे साधारण एक नॅनोलिटर सोडतं असं धरा. झाडावर तीन किलो पानं असतील तर तासाला ३ मायक्रोलिटर, दिवसाला ७२. म्हणजे एका फवारणीत जेवढं इथिलीन दडलेलं असतं, तेवढं सोडायला त्या झाडाला आठ वर्षं लागतील. फवारलेल्यातलं बरंचसं हवेत जातं हे खरं, पण निम्म्याहून जास्त गेलं तरी पुरवठ्याची टंचाई नाही. त्यामुळे डिसेंबरात पानं अडतात ती झाडाचं इथिलीन कमी पडलं म्हणून अडत नाहीत. पानाची गळण्याची तयारी झालेली नसते, आणि थंडीत इथेफॉन तुटण्याचा वेग मंदावतो. कारणं ही दोन, आणि दोन्हींवर मात्रा वाढवणं हा उपाय नाही.

तयारी म्हणजे काय? पानाच्या देठाच्या बुडाशी पेशींचा एक अरुंद थर असतो, त्याला विलगन थर म्हणतात. पान तरुण असेतोवर त्यातून ऑक्सिन हे संजीवक सतत देठाकडे वाहत असतं. ते वाहतंय तोवर हा थर इथिलीनला दाद देत नाही. पान जून झालं, सावलीत गेलं, ताणात आलं की ऑक्सिनचा ओघ आटतो. मग थोडंसं इथिलीनही पुरतं. सेल्युलेज आणि पॉलिगॅलॅक्टुरोनेज ही विकरं तयार होतात, पेशींना जोडून ठेवणारा थर विरघळतो आणि पान सुटतं. इथिलीन स्वतःही ऑक्सिनची वाहतूक रोखतं, म्हणून गळ एकदा सुरू झाली की वेग घेते.

नोव्हेंबरच्या पावसानंतर शेंड्याला आलेली फूट डिसेंबरअखेर महिना-दीड महिन्याचीच होती. तिच्यात ऑक्सिन भरपूर. आतली आणि खालची पानं पावसाळ्यातली, जुनी. तुमच्या बागेत कोणती पानं गळली आणि कोणती बसली, ते बरोबर याच रेषेवर आहे. सप्टेंबरात अशी दोन वयांची पानं झाडावर नव्हती.

काड्या वाळतात त्याचं कारणही इथेच सापडतं. हट्टी पानांसाठी मात्रा दुप्पट केली की ती कोवळ्या सालीला आणि डोळ्यांनाही मिळते. ताणावरच्या बागेत कोवळ्या काडीची सहनशक्ती आधीच संपत आलेली असते.

मे महिन्यातली करपलेली, चिकटलेली पानं हा वेगळा बिघाड. पान गळणं ही जिवंत क्रिया आहे. विलगन थराच्या पेशींना विकरं बनवायला काही दिवस जिवंत राहावं लागतं. चाळीस अंशांत इथेफॉन झपाट्याने तुटतं, थेंब पानावरच सुकतो, पान दोन दिवसांत मरतं. थर तयार होण्याआधी पान मेलं की ते सुटत नाही, वाळून लटकत राहतं. थंड देशांत अकाली हिमदंश झालेल्या झाडांवर मेलेली पानं हिवाळाभर टिकतात ती याच कारणाने.

आता मूळ प्रश्न, ऋतूप्रमाणे उत्पादन बदलतं का? बदलतं, पण कॅलेंडरपेक्षा पानाच्या वयाप्रमाणे आणि त्याने काय सोसलं त्याप्रमाणे. उमलणारं, वाढणारं पान जास्त सोडतं. पूर्ण वाढलेलं पान बरेच महिने कमी पातळीवर राहतं. पिवळेपणा सुरू होताना उत्पादन पुन्हा चढतं आणि पान वाळलं की संपतं. मुळाशी पाणी साचणं, जखम, कीड, थंडीचा झटका बसून नंतर ऊब मिळणं, यांनी मधेच उसळ्या येतात. पानात मेथिओनिनपासून एसीसी हा मधला पदार्थ बनतो आणि एसीसीपासून इथिलीन. बहुतेक वेळा वेग ठरतो तो एसीसी किती बनतंय यावर. ३५ अंशांच्या पुढे शेवटची पायरीच कमकुवत होते, म्हणून भर उन्हाळ्यात एसीसी असूनही वायू कमी निघू शकतो.

डाळिंब हे मुळात थंडीत पानं गाळणारं झाड. इराणात, हिमाचलात ते हिवाळ्यात आपणहून उघडं होतं. आपल्याकडची थंडी तेवढी नसते, म्हणून झाड जवळपास सदाहरित वागतं आणि ताण व इथ्रेल देऊन आपण तो ऋतू कृत्रिमरीत्या आणतो. त्यातला ताण हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. इथ्रेल शेवटचा धक्का देतं.

---

फवारणी_तंत्र

वरचं सगळं मान्य. पाण्याचा मुद्दा राहिला होता तो घेतो, कारण ८.२ सामूच्या पाण्यात दीड मिली हे खऱ्या अर्थाने दीड मिली राहतच नाही.

बायकार्बोनेट लिटरला ४०० ते ५०० मिलिग्रॅम असेल तर ते साडेसहा ते आठ मिलिइक्विव्हॅलंट होतं. दीड मिली इथ्रेलमधलं इथेफॉन चार ते पाच मिलिमोल. इथ्रेल स्वतः आम्लधर्मी असलं तरी एवढ्या बायकार्बोनेटला ते पुरत नाही, टाकीतला सामू सहाच्या वरच राहतो. म्हणजे औषध पानात जाऊन तुटण्याऐवजी टाकीतच तुटायला लागतं. लगेच संपत नाही. साध्या तापमानाला सामू ७ असेल तर निम्मं तुटायला दोनेक दिवस लागतात. तासाभरात फवारलं तर नुकसान किरकोळ. पण संध्याकाळी कालवून सकाळी मारलं, किंवा मे महिन्यात उन्हात टाकी तापली, तर वाया जाणारा भाग मोठा असतो. वायू डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे दोष औषधाच्या दर्जाला दिला जातो.

कालवण्याचा क्रम असा ठेवा. टाकीत पाऊण पाणी. सायट्रिक आम्ल थोडं थोडं टाकत सामू ४.५ वर आणा. तुमच्या पाण्याला लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास लागेल, पण अंदाजाने टाकू नका, बादलीत १० लिटरवर करून पट्टीने किंवा मीटरने बघा. ३.५ च्या खाली नेऊ नका, पान भाजतं. मग विद्राव्य खत, मग पुन्हा सामू तपासा, इथ्रेल सगळ्यांत शेवटी. दोन तासांत टाकी रिकामी झाली पाहिजे. जस्ताची किंवा लोखंडी टाकी नको, प्लास्टिकचीच हवी. मूळ द्रावण डोळ्यांना आणि कातडीला जाळतं. चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नये.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. दिवसाचं तापमान २० ते ३० अंश असताना हे औषध सगळ्यांत चांगलं चालतं. १५-१६ च्या खाली फार सुस्त. डिसेंबरात रात्री पारा १२-१४ वर जात असेल तर संध्याकाळची फवारणी करू नका. दव सुकल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान मारा, म्हणजे पुढचे पाच-सहा तास ऊब मिळते. मे महिन्यात याच्या उलट: सूर्य कलल्यावर किंवा पहाटे, आणि मात्रा एक मिलीच्या वर नको. पुढच्या सहा तासांत पाऊस येणार असेल तर थांबा. पानावर बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) थर असेल तरीही थांबा. चुन्याने तो अल्कधर्मी असतो, थेंब पडल्या पडल्या औषध तिथेच तुटतं. बोर्डो पानगळीनंतर घ्यायचा.

मात्रेचं सांगतो. ताण नीट बसलेला असेल, निम्मी पानं पिवळसर झाली असतील तर एक ते दीड मिली पुरतं. पानं हिरवी असतील तर दोन-अडीच मिलीपर्यंत जातात लोक, पण एकदम अडीच मारण्यापेक्षा एक मिली, आणि सहा-सात दिवसांनी पुन्हा एक मिली, हे जास्त सुरक्षित. पहिल्या फवारणीने ऑक्सिनचा ओघ मंदावतो, तयार पानं पडतात. दुसरी उरलेल्यांना गाठते. दुसऱ्या खेपेला फक्त शेंडे भिजवा, उघड्या काड्यांवर पुन्हा मारा करू नका. तीन मिली कोणत्याच ऋतूत नाही.

शेजारच्या बागेत फळं किंवा कळी असेल तर वारा शांत असतानाच मारा. तुषार तिकडे गेले की कळी गळते, आणि ती भरून निघत नाही.

---

भगवा_सांगोला

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद. एकच शंका. डीएपीची शिफारस तर सगळीकडे छापलेली असते. त्याचा सामू आठच्या जवळ. मग आधी सायट्रिकने खाली आणायचं आणि डीएपीने पुन्हा वर न्यायचं, हे कसं?

---

फवारणी_तंत्र

बरोबर पकडलंत. ५ ग्रॅम डीएपी म्हणजे लिटरला जवळपास ३८ मिलिमोल फॉस्फेट. चार-पाच मिलिमोल इथेफॉन त्याचा सामू हलवू शकत नाही, एक ग्रॅम सायट्रिकही नाही. डीएपी घालून ताबडतोब फवारलं तर पानगळ होते, म्हणूनच ती पद्धत टिकली आहे. पण तिथे वेळेला किंमत आहे: कालवलं की मारलं. मोठी टाकी, एकच पंप आणि पाच-सहा तासांचं काम असेल तर डीएपीऐवजी ०:५२:३४ (नत्र नसलेलं स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) घ्या, तेवढंच ५ ग्रॅम. त्याचा सामू साडेचारच्या आसपास असतो, म्हणजे इथ्रेलला हवा तिथेच. फॉस्फरस मिळतोच, आणि पानगळीच्या वेळी बागेला नत्र द्यायची गरजही नाही.

आणि नोव्हेंबरची फूट. ती टाळता आली तर अर्धा प्रश्न सुटतो. आंबे बहार धरायचा असेल तर पावसाळा संपताना नत्र बंद, ठिबक हळूहळू कमी. अवकाळीने फूट आलीच तर कोवळी असतानाच शेंडे खुडून टाका, किंवा पानगळ दोन-तीन आठवडे पुढे ढकला आणि ती पानं जून होऊ द्या. हिरव्या, लवचिक, तांबूस झाक असलेल्या पानांवर इथ्रेल खर्च करू नका.

---

वायुमापन

मोजणीबद्दल लिहितो. हे काम महाविद्यालयात होण्यासारखं आहे, फक्त पाच-सहा ठिकाणी फसगत होते आणि मग आकडे ऋतूचे न राहता कात्रीचे होतात.

साहित्य: ३० ते ६० मिलीच्या काचेच्या कुप्या, रबरी बूच आणि अॅल्युमिनियमची कडी, वायू न गळणारी १ मिलीची सिरिंज, ज्वाला-आयनीभवन शोधक असलेला क्रोमॅटोग्राफ, अॅल्युमिना किंवा पोरापॅकचा स्तंभ, आणि प्रमाणित इथिलीनचं १ पीपीएमचं (दहा लाख भागांत एक भाग) सिलिंडर. स्तंभ ६० ते ८० अंशांना चालतो. ०.०१ पीपीएमपर्यंत शिखर स्वच्छ दिसायला हवं, नाहीतर पक्व पानांचं उत्पादन दिसणारच नाही.

बूच आधी तपासा. काही रबरी बुचं स्वतःच इथिलीन सोडतात. दहा रिकाम्या कुप्या बंद करून तेवढाच वेळ ठेवा आणि मोजा. तो कोरा आकडा प्रत्येक वेळी वजा करायचा. रस्त्यालगतच्या प्रयोगशाळेत गाड्यांच्या धुराचं इथिलीन हवेत असतं, म्हणून कोऱ्या कुप्या त्याच खोलीत, त्याच वेळी बंद केलेल्या हव्यात.

जखमेचं इथिलीन ही सगळ्यांत मोठी चूक. पान खुडल्यावर वीस-तीस मिनिटांत जखमेमुळे उत्पादन वाढायला लागतं, पुढच्या काही तासांत शिखर गाठतं आणि मग उतरतं. म्हणून पानं देठासकट घ्या, चुरगळू नका, तुकडे करू नका. देठ ओल्या कागदात ठेवून उघड्या हवेत थांबा आणि खुडल्यापासून कुपी बंद करेपर्यंतचा काळ सगळ्या नमुन्यांना सारखा ठेवा. तो किती ठेवायचा हे तुमच्या पानांवर एकदा दर अर्ध्या तासाला मोजून ठरवा. एका महिन्यात अर्धा तास, दुसऱ्यात तीन तास झाले तर तुलना फुकट.

दुसरी फसगत उजेडाची. बंद कुपीत पान उजेडात ठेवलं की ते कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं. एसीसीपासून इथिलीन बनवणाऱ्या विकराला तोच वायू लागतो, त्यामुळे आकडा खोटा खाली येतो. सगळ्या कुप्या अंधारात, २५ अंशांना, दोन तास ठेवा. जास्त वेळ ठेवलं तर प्राणवायू घटतो, तोही या विकराला लागतोच.

तापमानाचा निर्णय आधीच घ्या. दर वेळी २५ अंशांना मोजलं तर पानाची क्षमता ऋतूप्रमाणे कशी बदलते ते कळतं. बागेतल्या त्या दिवसाच्या तापमानाला मोजलं तर प्रत्यक्ष उत्सर्जन कळतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकाच आलेखात मिसळू नका. जमलं तर दोन्ही संच चालवा.

हिशेब सोपा आहे. पीपीएम गुणिले मोकळी जागा मिलीत, म्हणजे नॅनोलिटर. समजा ३० मिलीच्या कुपीत १.५ ग्रॅम पानं, मोकळी जागा २८ मिली, दोन तासांनी ०.०९ पीपीएम आणि कोरा आकडा ०.०१. म्हणजे ०.०८ × २८ = २.२४ नॅनोलिटर. भागिले १.५ ग्रॅम, भागिले २ तास: ०.७५ नॅनोलिटर प्रति ग्रॅम प्रति तास. हा आकडा ओल्या वजनावर झाला. ताणावरच्या पानात पाणी कमी असतं, त्यामुळे ओल्या वजनावर तेच उत्पादन जास्त दिसतं. मोजून झाल्यावर पानं ७० अंशांना वाळवा आणि कोरड्या वजनावर तसंच क्षेत्रफळावर आकडा द्या. ऋतूंची तुलना करणाऱ्याने हे टाळून चालणार नाही.

ताणाबद्दल एक सावधगिरी. तोडलेलं पान पंख्याखाली झटपट सुकवलं तर इथिलीनची मोठी उसळी दिसते. झाडावर हळूहळू ताण बसतो तेव्हा ती उसळी बहुतेकदा दिसत नाही. त्यामुळे "ताण म्हणजे इथिलीन वाढणारच" असं गृहीत धरून आकड्यांकडे बघू नका, आणि प्रयोगशाळेत नेईपर्यंत पानं कोमेजू देऊ नका. क्रोमॅटोग्राफवर शेजारी इथेनचं शिखर मोठं आलं तर पेशींचे पडदे फाटलेत असं समजा. तो नमुना बाजूला काढा.

नमुने कसे घ्यावेत? दर पंधरा दिवसांनी, सकाळी आठ ते नऊ, पाच झाडं. प्रत्येक झाडावर फूट निघताना काड्यांना रंगीत दोरा बांधा, म्हणजे पानाचं वय माहीत राहतं. तीन वयोगट वेगळे ठेवा: उमलतं, पक्व, जून. त्यांची सरसकट सरासरी काढली तर वर दिलेला सगळा फरक पुसला जातो. सोबत किमान-कमाल तापमान, मातीतला ओलावा आणि हरितद्रव्य मापकाचा आकडा नोंदवा.

इथ्रेल मारल्यानंतर मात्र ही मोजणी निरर्थक. कुपीत येणारा वायू औषधाचा की पानाचा, ते यंत्राला कळत नाही. तेव्हा पानातलं एसीसी मोजा. १९७९ मध्ये लिझाडा आणि यांग यांनी दिलेली पद्धत अजून चालते: अर्कातलं एसीसी पाऱ्याच्या क्षारासोबत हायपोक्लोराइटने इथिलीनमध्ये बदलायचं आणि तेच क्रोमॅटोग्राफवर बघायचं. पाऱ्याचा कचरा वेगळ्या बाटलीत साठवून रीतसर द्यायचा, मोरीत नाही.

---

संत्रा_वरुड

ताणाच्या मुद्द्यावर थोडी भर. लिंबूवर्गीय रोपांवर झालेल्या कामात एक गोष्ट ठळक दिसली: पाणी तोडलेलं असताना एसीसी मुळांत साठत जातं, आणि पुन्हा पाणी दिलं की ते रसाबरोबर वर चढून पानांत इथिलीन होतं. पानं गळतात ती ताणात नव्हे, ताण तोडताना. नागपुरी संत्र्यात पहिलं पाणी हलकं द्यावं असं जुने लोक सांगतात, त्याला हे पक्कं कारण आहे. लांबलेल्या ताणानंतर एकदम पाट भरून पाणी सोडलं की पानांबरोबर कळीही जाते.

मुळाशी पाणी साचलं तरी तसंच. प्राणवायू नसल्याने मुळांत एसीसीचं इथिलीन होत नाही, ते वर जातं आणि हवेतल्या पानांत होतं. टोमॅटोवर हे १९८० मध्येच दाखवलं गेलं. भारी जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये झाडं अचानक पिवळी पडून पानं टाकतात तेव्हा औषध शोधण्याआधी चर काढा.

डाळिंबात पानगळ पूर्ण झाल्यावरच पाणी देतात, त्यामुळे पानांची चिंता नाही. पण पहिलं पाणी हलकं द्यायचा नियम तिथेही पाळा, डोळे एकसारखे फुगतात.

---

सागवन

मोजणी करणारच असाल तर बांधावरचा साग सोबत घ्या, फवारणी नसलेला, आपल्या हिशेबाने पानं टाकणारा नमुना म्हणून. पाऊस संपून माती कोरडी होत जाते तशी त्याची पानं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उतरतात. खोल, ओलाव्याच्या जागी उशिरा, मुरमाड जागी लवकर. युरोपातल्या ॲस्पेन, बर्च या झाडांत पानझडीचा इशारा मुख्यतः दिवस लहान होण्याने मिळतो. आपल्या पानझडी जंगलात पाण्याचा वाटा मोठा. दोन्हीकडे शेवटी देठाच्या बुडाशी काम करणारं संजीवक तेच.

या विषयाची सुरुवातच झाडांवरून झाली. १८६४ मध्ये जिरार्दां यांनी रस्त्याकडेच्या झाडांची पानं अकाली गळण्याचं कारण जमिनीतल्या दिव्याच्या वायूच्या गळक्या नळ्यांत शोधलं. त्या वायूतला कामाचा घटक इथिलीन आहे हे १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबोव्ह यांनी वाटाण्याच्या रोपांवर दाखवलं.

---

भगवा_सांगोला

संत्रा_वरुड दादा, सागवन, दोघांचेही आभार. क्रोमॅटोग्राफचं काम महाविद्यालयात बोलून ठरवतो. पण फवारणीआधी पानांची तयारी झाली की नाही हे बागेतच कसं ओळखायचं? यंत्राशिवाय.

---

पर्णविज्ञान

दोन चाचण्या आहेत.

पहिली हाताची. पानाला टोकाकडे धरून हलका, सारखा ओढा द्या. प्रत्येक झाडावर शेंड्याकडची वीस आणि आतली वीस पानं. बुडातून स्वच्छ सुटलं तर तयार; फाटलं किंवा साल घेऊन आलं तर नाही. शेंड्याकडची निम्मीही सुटत नसतील तर ताण अजून आठवडाभर वाढवा. खोडाची साल सुरकुतेपर्यंत मात्र नको.

दुसरी चाचणी पिशवीची. हवा न जाणाऱ्या २० लिटरच्या दोन पारदर्शक पिशव्या घ्या. दोन्हींत त्याच झाडाच्या, सारख्या लांबीच्या पाच-पाच काड्या पाण्याच्या बाटलीत उभ्या करा. एका पिशवीत पूर्ण पिकलेलं, वासाला आलेलं एक सफरचंद ठेवा, दुसरीत काही नाही. पिकलेलं सफरचंद किलोमागे तासाला दहा ते शंभर मायक्रोलिटर इथिलीन सोडतं. दोनशे ग्रॅमचं फळ पन्नासच्या हिशेबाने तासाला १० मायक्रोलिटर, म्हणजे २० लिटरच्या पिशवीत दर तासाला अर्धा पीपीएम चढतो. थोड्याच वेळात विलगन थराला पुरेल एवढं होतं. पिशव्या सावलीत, २५ अंशांच्या आसपास ठेवा, रोज एकदा उघडून हवा बदला आणि पुन्हा बांधा, नाहीतर प्राणवायू संपून पानं गुदमरतात.

तिसऱ्या दिवशी काड्या हलवून पडलेली पानं मोजा. बिनफळाच्या पिशवीतली गळ वजा करा, कारण काडी तोडणं हाही ताणच आहे. सफरचंदाच्या पिशवीत शेंड्याकडची पानंही पडली तर बाग तयार आहे, एक मिली पुरेल. डिसेंबरात बागेत उशीर झाला तरी तो थंडीचा, म्हणून मात्रा न वाढवता पाच-सहा दिवस वाट बघा. शेंड्याची पानं पिशवीत उबेतही पडली नाहीत तर ती कोवळी आहेत. मग अडीच मिली मारूनही सरळ पडणार नाहीत. ताण लांबवा किंवा शेंडे छाटा.

पूर्ण बाग फवारण्याआधी एका ओळीतल्या पाच झाडांवर एक मिली आणि पुढच्या पाचांवर दीड मिली मारून आठ दिवस थांबा. दीडने पानगळ दोन दिवस लवकर होते पण काड्यांची टोकं काळवंडतात, असं दिसलं तर एकवरच राहा. मग कळी निघताना त्याच दहा झाडांवर मालकाडीमागे (फळ धरणाऱ्या काडीमागे) किती मादी फुलं येतात ते मोजा. पानगळ चांगली झाली की नाही याचा निकाल तिथे लागतो.